अक्काच्या घरावरनं एक फेरी

परवा एक माणूस मोटरसायकलवरनं उतरला, चपलांसकट दुकानात शिरला, माझ्या खांद्यावरनं वाकून कॉम्प्युटरच्या पडद्याला बोट लावलं आणि म्हणाला, "हे माझं आधी करा." मी त्याला उठून बाहेर काढलं. दाराबाहेर उभा केला आणि मगच आत घेतला. माझे यजमान म्हणतात, तू आधी अशी नव्हतीस, तुला वासूआण्णांनी बिघडवलं. असेल. ज्या दारात वासूआण्णा चार वर्षं उभे राहिले, त्या दारात असली दांडगाई खपवून घेणं मला आता जमत नाही.

रामनगरला बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, आत सगळंच चालतं. जमिनीचे उतारे, रेशनकार्डं, पोरांच्या परीक्षेचे फॉर्म, वनखात्याचे अर्ज. गोव्याकडं जाणारे ट्रक दारातनं धूळ उडवत जातात आणि गिऱ्हाईक त्या धुळीसारखंच न विचारता आत येतं. पाचेक वर्षांमागं एका दुपारी मान वर करून बघते तर उंबऱ्याच्या पलीकडं एक उंच, वाळका म्हातारा उभा. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली, चपला बाहेर जोडीनं काढून ठेवलेल्या.

"येऊ काय?"

मी कामात होते. मान हलवली. माणूस जागचा हलेना. मागं तीन गिऱ्हाइकं ताटकळलेली.

"येऊ काय, बाय?"

"अहो आण्णा, दुकान हाय हे. या की."

"दुकान हाय खरं, पण तुझं हाय न्हवं? तू ये म्हटल्याबिगर कसा येऊ?"

मी 'या' म्हटल्यावर आले, बसले. म्हणाले, एक अर्ज टाइप करून पायजे. कशाचा म्हणून विचारलं, तर म्हणाले, "इमानाचा." मला वाटलं लेक परदेशात असेल, तिकीट काढायचं असेल. "तिकीट न्हवं गो. इमान माझंच हाय. आभाळातनं जायची परवानगी मागायची हाय." मी यजमानांकडं बघितलं. यजमान मशिनीत कागद अडकल्याचं निमित्त करून खाली वाकले होते आणि त्यांची पाठ हलत होती.

पण सगळं खरं होतं. वासुदेव देसाई मूळचे नंदिगड्ड्याच्या अंगाला, जंगलातल्या एका वाडीवरचे. आई लहानपणीच गेलेली. थोरल्या बहिणीनं, राधाक्कानं, वाढवलं. हवाई दलात मेकॅनिक म्हणून गेले, तिथनं सुटल्यावर कुठल्याशा फ्लाइंग क्लबात स्वतः उडायला शिकले आणि पुढची तीस वर्षं पोरांना शिकवत राहिले. निवृत्तीनंतर रामनगरला घर बांधलं. दोन जुन्या विद्यार्थ्यांशी भागी करून एक जुनं, दोन माणसांचं विमान घेतलं होतं. ते धारवाडच्या बाजूला एका कारखानदाराच्या माळावरच्या खाजगी धावपट्टीवर उभं असायचं. गावात थट्टा व्हायची. आमचे ट्रकवाले म्हणायचे, "आण्णांच्या इमानापरास आमची गाडी बरी, निदान हॉर्न तरी हाय." आण्णा गंभीरपणानं सांगायचे, "हॉर्न न्हाई म्हणूनच आधी विचारून जायाचं असतं."

विचारणं हा त्यांचा स्वभावच होता. दुसऱ्याच्या घरातल्या कॅलेंडरचं पान उलटायचं तरी विचारायचे. स्वतःच्या घरात, बायको स्वयंपाक करत असली की स्वयंपाकघराच्या दाराशी थांबायचे. मालूवैनी म्हणायच्या, "लगीन होऊन पंचेचाळीस वर्सं झाली, अजून दारात उभा. मी 'या' म्हणायचं इसरले तर उपाशी ऱ्हाईल हा माणूस." ताटावर बसले की पेन्सिल हातात नसली एवढंच, बाकी विमान तपासल्यासारखं. "भात हाय. आमटी हाय. लोणचं हाय. पाणी डावीकडं. चला." एक जिन्नस राहिला तर घास उचलायचे नाहीत. मालूवैनी मुद्दाम मीठ वाढायचं विसरायच्या आणि मला डोळा मारायच्या.

वाऱ्याचं वेड तर विचारू नका. कुठंही गेले तरी आधी गवताची काडी खुडून सोडून बघणार. आमच्या पुतणीच्या लग्नात मांडववाल्याला जाऊन म्हणाले, बाबा, तोंड फिरव, दुपारी पश्चिमेचं वारं धरणार. मांडववाला म्हणाला, "आण्णा, मांडव हाय ह्यो, इमान न्हवं." चार वाजता मांडवाचं कापड दोऱ्यांसकट उठलं आणि शाळेमागच्या फणसावर जाऊन बसलं. नवरा-नवरी उघड्यावर, भटजी अक्षता शोधतायत. दुसरा कुणी असता तर 'मी सांगितलं होतं' म्हणून मिरवला असता. आण्णा मात्र फणसाच्या मालकाला हुडकत गेले. सत्तरीचा माणूस, वर चढायचं म्हणून त्याची परवानगी काढत होता.

आता त्या अर्जाचं सांगते. आमच्या तालुक्यात जमिनीला कुंपण आहे, ते आम्हाला पायाखालचं आहे. वाघाचं जंगल, चेकपोस्ट, संध्याकाळी पडणारं फाटक, चार बांबू आणायचे तर चिठ्ठी. आभाळालाही कुंपण आहे हे मला आण्णांकडनं कळलं. खाली काळी नदीच्या अंगाला अणुवीज केंद्र, त्याच्या पुढं समुद्रावर नौदल. म्हणून तिकडच्या वरच्या वाटेनं परवानगीशिवाय कुणी जायचं नाही. आणि अक्काची वाडी नेमकी त्या वाटेखाली. हिंदुस्थानभर उडालेला माणूस, ज्या घरात वाढला त्या घरावरनं एकदाही गेलेला नव्हता.

राधाक्का ऐंशीच्या पुढं गेलेल्या. गाडीत बसल्या की त्यांना मळमळतं, त्यामुळं तालुक्याच्या जोयड्यापलीकडं जन्मात गेल्या नाहीत. माळावर येऊन विमान बघा म्हटलं की म्हणायच्या, "मी कशाला येऊ? इमान तुज्याकडं हाय, तू ये." त्यांचं मागणं एवढंच. "वासू, तू उडतोस म्हंतात. मला एकदा दाव." इकडं त्यांची नजर वर्षागणिक मंद होत चाललेली. आणि इकडं आण्णांचं वय वाढत होतं.

निमित्त मात्र होतं. दर जानेवारीला घाटाखाली, समुद्राकाठच्या एका खाजगी धावपट्टीवर लहान विमानवाल्यांचा मेळावा भरतो. आण्णांनी शिकवलेली कितीतरी मुलं तिथं आपापली विमानं घेऊन येतात. आणि गुरुजी एसटीनं. बंदीच्या भागाला वळसा घालून जायचं म्हटलं तर टाकीतलं पेट्रोल पुरत नाही. सरळ गेलं तर अक्काच्या घरावरनंच वाट. "म्हंजे बघ बाय," आण्णा नकाशावर पेन्सिल ठेवून म्हणाले, "मेळाव्याला जाताना अक्काला दिसून जाईन. एका तिकिटात दोन कामं."

पहिल्या वर्षी नकार आला. मी चिडले. आण्णांनी शांतपणानं माझ्यापुढं कागद ठेवला, आभाराचं पत्र. नकाराबद्दल आभार! मी म्हटलं, मी असलं टाइप करायची नाही. "बाय, नकार द्यायलाबी कुणीतरी बसून आपला कागूद वाचला का न्हाई? त्या माणसाला कोण पत्र लिवतंय?" मी दात-ओठ खात टाइप केलं. दुसऱ्या वर्षी उत्तरच नाही. आण्णांनी वाट बघून अर्ज 'वाचण्यास घेतल्याबद्दल' आभार मानले. तिसऱ्या वर्षी परवानगी आली, मेळावा होऊन आठ दिवसांनी. मी कपाळाला हात लावला. आण्णा पेढे घेऊन आले. "उशिरा का होईना, व्हय म्हणालीत की."

चौथ्या वर्षी मात्र ते आले तेव्हा पेढेही नव्हते आणि थट्टाही नव्हती. बसले आणि म्हणाले, "बाय, ह्यो शेवटचा. जानेवारीअखेर माझा डॉक्टरचा दाखला संपतो. पुढचा मी मागणार न्हाई." मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "डॉक्टर देईल. पण डावा कान हल्ली रेडिओ अर्धाच ऐकतो, मला ठावं हाय. दाखला आपला आपण द्यायचा असतो, डॉक्टर नुसती सही करतो." एवढं बोलून त्यांनी अर्ज पुढं केला. 'उड्डाणाचे कारण' या रकान्यात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: वैमानिकांच्या मेळाव्यास जाणे, व वाटेत थोरल्या बहिणीस विमान दाखविणे. मी म्हटलं, आण्णा, हे दुसरं गाळा, सरकारी माणसं हसतील. "हसूंदेत. खरं कारण गाळलं तर परवानगी खोट्याचीच मिळाली म्हणायची." मग त्याच रकान्याखाली घरावर एक गोल फेरी मारू द्यावी, ही विनंतीही घातली. आणि सोबतच्या प्रवाशाच्या जागी माझं नाव. मालूवैनी विमानात बसायला कधीच तयार नव्हत्या, आणि चार वर्षं अर्ज बडवल्याचं बक्षीस म्हणून आण्णांनी ती जागा मला देऊ केली. मला मनातनं उकळ्या फुटल्या, वरनं मी नाही-नाही म्हटलं.

प्रवाशाचं वजन लिहावं लागतं. मी अठ्ठावन्न सांगितलं. आण्णांनी माझ्याकडं बघितलं, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "चल." आठवड्याचा बाजार भरलेला. मला घेऊन गेले ते थेट तांदळाच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर. त्यांनी व्यापाऱ्याची परवानगी मागितली, माझी नाही. शंभर माणसांच्या देखत मी त्या लोखंडी पाटावर उभी राहिले. व्यापाऱ्यानं खड्या आवाजात सांगितलं, "पासष्ट!" आणि वर विचारलं, "माल कुठला म्हणून लिवू, बाई?" सगळा बाजार हसला. मी आण्णांशी आठवडाभर बोलले नसते, पण परतताना ते हळूच म्हणाले, "रागावू नको. सात किलो म्हंजे धा लिटर पेट्रोल. तुज्या लाजेपायी तेवढं जादा भरलं असतं आणि इमान जड झालं असतं."

डिसेंबरच्या शेवटी दुकानाचा फोन वाजला. अर्जावर नंबर माझाच होता. पलीकडनं एक अधिकारी हिंदीत विचारत होते, हे तेच काय, आभाराची पत्रं लिहिणारे? मी म्हटलं, तेच. थोडा वेळ हसण्याचा आवाज आला. आठवड्यात परवानगी हातात. मंगळवार, सकाळी नऊ ते नऊ वीस. सरळ रेषेत जायचं, ठरलेल्या उंचीच्या खाली यायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आणि गोल फेरी मारायची नाही. सगळं दिलं आणि तेवढं काढून घेतलं. त्या उंचीवरनं सरळ गेलेलं विमान म्हाताऱ्या डोळ्यांना काय दिसणार? आण्णांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "जेवढं दिलंय तेवढं घेऊ." पण त्या दिवशी दुकानातनं उठताना त्यांची एक पेन्सिल टेबलावर राहिली. ते कधी काही विसरत नसत.

मंगळवारी सकाळी माळावर धुकं विरत होतं. आण्णा विमानाभोवती फिरून एकेका खिळ्याला हात लावत होते आणि यादी मोठ्यानं म्हणत होते. फोनवर उड्डाणाच्या मंजुरीचा एक नंबर मिळावा लागतो, तो मिळाल्याशिवाय चाक हलवायचं नाही. तो मिळाला. माझ्या डोक्यावर रेडिओच्या कानपट्ट्या चढवल्या, मांडीवर घड्याळ दिलं आणि सांगितलं, "नऊच्या आधी आत न्हाई, नऊ वीसनंतर आत न्हाई. वेळ तू सांगायची." मी म्हटलं, सांगते. मग काय झालं ते मला नीट आठवत नाही, कारण डोळे मिटले होते. उघडले तेव्हा खाली उसाचे फड आणि आण्णा गुणगुणत होते. दुकानात उंबऱ्याशी अवघडून उभा राहणारा हा माणूस त्या एवढ्याशा खुर्चीत असा ऐसपैस बसला होता, की त्याचं घर खरं इथं आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

सुप्याच्या धरणाचं पाणी दिसलं. अलीकडच्या काठाशी येताच आण्णांनी रेडिओवर विचारलं. बोलणं इंग्रजीत, पण माझ्या कानाला ते 'येऊ काय?' असंच ऐकू आलं. पलीकडं कंट्रोल रूममधल्या एका तरुण बाईचा आवाज होता, नीटनेटका, कामापुरता. तिनं वेळ तपासली, उंची विचारली आणि आत यायला सांगितलं. मी घड्याळ बघितलं. नऊ वाजून चार मिनिटं.

पाणी ओलांडलं आणि जंगल सुरू झालं. मधेच कापणी झालेली पिवळी शेतं, पोफळीच्या बागा, एखादं कौलारू घर. आण्णा पुढं झुकले. "ती बघ. ती वाडी." मी बघितलं आणि म्हटलं, "आण्णा, ते पांढरं काय हाय?"

वाडीसमोरच्या शेतांतले बांध नव्हते. सलग एक लांब पट्टा सपाट केलेला, दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा, टोकाला मंत्र्याच्या हेलिकॉप्टरला आखतात तसा एक गोल. आणि दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. मंगळवारी वरनं जाणार एवढाच निरोप आण्णांनी धाडला होता; या पट्ट्याचं आम्हाला कुणी काही कळवलं नव्हतं. पण आमच्याकडचं माणूस दारावरनं जाताना घोटभर चहा न घेता जात नाही, आणि आण्णा तर जन्मात कधी गेले नव्हते. तेव्हा ते उतरणार हे अक्कांनी धरूनच चाललं होतं, आणि सगळ्या वाडीनं चार दिवस फावडी चालवून त्यांच्यासाठी बांध फोडले होते.

मला रडू आलं. सांगायला लाज कसली. मी म्हटलं, "आण्णा, उतरू या."

"कागदावर न्हाई."

"मग एक फेरी तरी मारा."

"कागदावर न्हाईच म्हटलंय."

मला राग आला. "मग विचारा की! सगळ्या जगाला विचारत आलात, अक्कासाठी विचारायला काय होतंय?"

आण्णांनी एकदा खाली चुन्याच्या रेघांकडं बघितलं. मग त्यांनी रेडिओ हातात घेतला आणि म्हातारा माणूस जसा थोडा लाजत मागतो तसं विचारलं: खाली माझ्या बहिणीचं घर आहे, डावीकडनं एक फेरी मारू का? आवाज म्हणाला, थांबा. वाडी जवळ येत होती. पंधरा सेकंद गेले, वीस गेले. आवाज आला: नाही. सरळ जा.

आण्णा म्हणाले, "बरं. आभारी हाय." नकाराचे आभार, तिथंसुद्धा. त्यांनी पंख एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं हलवले, तेवढं चालतं म्हणाले. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. त्यांच्याकडं बघवेना.

आणि कानात पुन्हा तो आवाज. पुढं वाटेत एक हेलिकॉप्टर आहे, अंतर राखण्यासाठी आहात तिथंच डावीकडनं एक फेरी मारा, उंची तीच ठेवा.

आण्णांनी समोर बघितलं. मी बघितलं. अणशीच्या डोंगरापर्यंत आभाळ स्वच्छ होतं, घारसुद्धा नव्हती. "आण्णा, हेलिकॉप्टर कुठं हाय?"

"सुम्म बस, गप," आण्णा म्हणाले. "डोंगराआड असंल. हुकूम झालाय न्हवं?"

आणि विमान डावीकडं कललं. आण्णांच्या बाजूला वाडी आली आणि माझ्या बाजूला नुसतं आभाळ. मी पट्ट्यात अडकलेली, मान लांब करकरून बघत होते. पांढरी रेघ, तिळाएवढी माणसं, एक लाल लुगडं, ते अक्काचं असावं असं मी ठरवून टाकलं. आण्णांचे हात स्थिर होते आणि गाल भिजले होते. ते चुन्याच्या पट्टीकडं बघत हिशोब करत होते. "अडीचशे मीटर भरंल. उतरलो असतो." मग जरा थांबून म्हणाले, "परत वर चढलो मात्र नसतो." आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. रेडिओचं बटण दाबलेलं नव्हतं हे नशीब.

फेरी पुरी झाल्यावर आवाजानं सांगितलं, वाट मोकळी आहे. आण्णांनी आभार मानले. पलीकडनं कामापुरतंच उत्तर आलं. अर्जाची प्रत त्या बाईपुढं असणार आणि तिनं तो कारणाचा रकाना वाचला असणार, असं मी आण्णांना म्हटलं. ते म्हणाले, "असं बोलू न्हाई. हेलिकॉप्टर व्हतं." नऊ अठराला आम्ही घाट उतरून बंदीच्या बाहेर पडलो.

मेळाव्याचं काय सांगू. समुद्राकाठी तीसेक विमानं, रंगीबेरंगी, लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखी रांगेत. आण्णा उतरले तसे केस पांढरे झालेले बाप्ये पळत आले आणि पाया पडायला लागले. "गुरुजी उडत आले!" एकजण ओरडत सगळीकडं फिरत होता. आण्णा प्रत्येक विमानापाशी थांबून मालकाला विचारायचे, "आत डोकावू काय?" जेवणं झाल्यावर त्यांनी आपल्या भागीदार विद्यार्थ्याच्या हातात किल्ली ठेवली. परत तू घेऊन जा, म्हणाले, लांबच्या वाटेनं, मधे पेट्रोल घेत. मी आता प्रवासी. तो मोठा झालेला मुलगा रडायला लागला, तर आण्णा त्याला म्हणाले, "डाव्या टायरात हवा कमी हाय, ते आधी बघ." आणि माझ्याबरोबर संध्याकाळी वडापाव खायला गेले. त्यांच्या तोंडावर मला कुठंही दुःख दिसलं नाही.

पावसाच्या आधी आण्णा आणि मालूवैनी लेकीकडं म्हैसूरला राहायला गेले. फोन येतो. फोनवरही आधी विचारतात, बोलू काय, गिऱ्हाईक न्हाई न्हवं? पण माझ्या डोळ्यांपुढं ते येतात ते मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीचे.

त्या दिवशी आम्ही बसनं घाट चढून नंदिगड्ड्याच्या फाट्यावर उतरलो आणि वाडीवर चालत गेलो. अक्का त्या सपाट केलेल्या शेताच्या कडेला बसल्या होत्या. लाल लुगडं नव्हतंच, हिरवं होतं. आण्णा समोर जाऊन उभे राहिले तरी अक्का बोलेनात. शेजारी उभी असलेली त्यांची सून म्हणाली, "कालपासनं अशीच हाईत. चा दोनदा गरम केला आणि दोनदा वतून टाकला."

"अक्का, खाली उतरायला परवानगी नव्हती गो."

"आपल्या घरात याला कसली परवानगी रं?"

आण्णा अक्कांच्या शेजारी ढेकळांवर बसले. आणि जे विचारायला ते आले होते ते त्यांनी विचारलं. "अक्का, दिसलं काय तुला?"

सुनेनं खाली मान घातली. मला तिच्या तोंडावरनं कळलं. अक्कांना हाताच्या अंतरावरचं दिसायचं, त्यापलीकडं सगळं दूध.

"इमान न्हाई दिसलं," अक्का म्हणाल्या. "मला वर काय दिसतंय आता. पांढरंफेक. आवाज आला नुस्ता." मग त्या आण्णांकडं वळल्या आणि राग कुठल्या कुठं गेला होता. "पण मी माणसांकडं बघत व्हते रं. सगळी माज्या भोवतीनं उभी. आधी सगळ्यांनी तोंडं वर केली. मग वर बघत बघत सगळी जागच्या जागी फिराय लागली. ही फिरली, हिची पोरं फिरली, तो दत्तूबा काठी टेकून फिरला. सगळी वाडी फिरली. तवा मला कळलं वासू, तू माज्या घराभवती फिरालायस."

अक्का आण्णांच्या खांद्याला धरून उठल्या. "असं. बघ." त्यांनी पदर खोचला, मान वर केली आणि त्या चुन्याच्या गोलात, वाडी काल कशी फिरली ते दाखवायला, बारीक पावलांनी डावीकडनं फिरायला लागल्या. तोल जाईल म्हणून आण्णांनी अक्कांचा हात धरला आणि तेही त्यांच्याबरोबर फिरले. दोघांच्याही माना वर होत्या आणि दोघंही हसत होती. त्यांची एक फेरी पुरी होईपर्यंत मी शेतात पाऊल टाकलं नाही.